‘हिंदू’ कादंबरीतील ‘अडगळ’ : एक प्रतीकविचार

भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ’ ही सुमारे सहाशे पानांची कादंबरी २०१० मध्ये प्रकाशित झाली. तिच्यावरील बरीचशी चर्चा शीर्षकातील पहिल्याच शब्दाभोवती घुटमळत राहिली. वस्तुतः कादंबरीचे आशयसूत्र ‘अडगळ’ या शब्दात अधिक स्पष्टपणे सापडते.

नायक खंडेराव हा पुरातत्त्वाचा संशोधक आहे. मोहेंजोदडोला असताना वडील अत्यवस्थ असल्याचे कळते आणि तो आपल्या मोरगावाकडे निघतो. घटनाक्रम म्हणावा तर एवढाच. उर्वरित विस्तार स्मृतींचा आहे. शेती, भाऊबंदकी, जातिव्यवस्था, भटके समूह, बायकांचे सोसणे हे सारे त्यात थरांप्रमाणे साचत जाते.

जालना जिल्ह्यातील वाचकास येथे भोकरदनचे स्मरण व्हावे. प्राचीन भोगवर्धन ते हेच. शां. भा. देव व र. शं. गुप्ते यांनी केलेल्या तेथील उत्खननाचा अहवाल १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे पाँपेईत सापडलेल्या मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांना परिचित आहे. अशा पांढरीच्या टेकाडात उत्खननकर्ता थर काटेकोरपणे वेगळे ठेवतो; ते मिसळले की पुरावा निकामी होतो. खंडेरावाची स्मृती नेमके उलट करते. सिंधुकाळ आणि मोरगाव तिच्यात शेजारी नांदतात. काही समीक्षकांना हा रचनेचा सैलपणा वाटतो, आणि काही ठिकाणी तपशिलांची रास वाचकाला थकवते हेही खरे. तथापि मोडलेली कालरेषा हाच येथे आशय आहे : गावात कोणताच काळ पुरता संपलेला नसतो.

‘अडगळ’ म्हणजे कचरा नव्हे, हा भेद मराठी माणसास सांगावा लागू नये. माळवदाच्या घरातील अंधाऱ्या खोलीत मोडकी तिफण, पाळणा, फुटका रांजण पडून असतो. तो वापरात नसतो, पण टाकूनही दिला जात नाही. ‘समृद्ध’ हे विशेषण त्यामुळे निव्वळ गौरवाचे नाही व निव्वळ उपरोधाचेही नाही. त्याच अडगळीत जातीचा जाच आहे. महानुभाव होऊन घर सोडून गेलेल्या आत्याची पोकळीही तेथेच आहे. भोकरदन तालुक्यातील जाळीचा देव परिचित असलेल्यांना या पंथाने संसाराबाहेर दिलेला आसरा चटकन उमगेल. अडगळीत काय ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार या बायकांना कधी मिळालाच नाही, या अंगाने कादंबरीचे वाचन अद्याप पुरेसे झालेले नाही.

वडिलांमागे शेतीवाडीचा वारसा खंडेरावापुढे उभा राहतो. शेतकरी घरातून पदवीच्या वर्गात आलेल्या विद्यार्थ्यापुढेही तोच प्रश्न असतो, आणि तो त्यास बहुधा समीक्षाग्रंथ न वाचताच कळतो.