जामा मशीद (मुंबई)

जामा मशीद ही दक्षिण मुंबईतील शेख मेमन स्ट्रीटवर असलेली एक ऐतिहासिक मशीद आहे. 'जुम्मा मशीद' या नावानेही ती ओळखली जाते. क्रॉफर्ड मार्केट (आताची महात्मा जोतिबा फुले मंडई), मंगळदास मार्केट आणि झवेरी बाजार यांच्या निकट, शहरातील अत्यंत गजबजलेल्या व्यापारी भागात ती उभी आहे. इमारतीच्या खाली असलेला जिवंत पाण्याचा पुरातन तलाव हे तिचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य होय. मशिदीचा कारभार प्रारंभापासून प्रामुख्याने कोकणी मुस्लिम समाजाशी निगडित राहिला आहे.

इतिहास

मशिदीच्या जागी पूर्वी एका कोकणी मुस्लिम व्यापाऱ्याची बाग व तलाव होता. तलाव जसाच्या तसा राखला जाईल, या अटीवर त्याने मशीद बांधण्यास संमती दिली. या अटीमुळेच तलाव न बुजवता त्याच्यावर इमारत उभारण्यात आली. बांधकामाचा आरंभ १७७५ च्या सुमारास झाला. परंतु जागेच्या मालकीविषयी वाद उद्भवल्याने काम रेंगाळले व १८०२ मध्ये ते पूर्णत्वास गेले. प्रारंभी ही एकमजली वास्तू होती. १८३७ मध्ये मुहम्मद अली रोघे या धनाढ्य कोकणी व्यापाऱ्याने तिच्यावर वरचा मजला चढविला. रोघे हे चीनशी चालणाऱ्या व्यापारात जमशेटजी जीजीभाई यांचे भागीदार होते.

कालश्लेष

फारसी परंपरेत एखाद्या घटनेचे वर्ष शब्दांत गुंफून ठेवण्याची पद्धत आहे. तीत प्रत्येक अक्षराला ठरावीक संख्यामूल्य असते व सर्व अक्षरांची बेरीज केली असता इष्ट वर्ष मिळते. या मशिदीच्या पूर्ततेचे वर्ष 'जहाज-ए-आखिरत', म्हणजे 'परलोकीचे जहाज', या शब्दांत सांगितलेले आहे. 'जहाज' या शब्दातील जीम (३), हे (५), अलिफ (१) व झे (७) यांची बेरीज १६ होते. 'आखिरत' या शब्दातील अलिफ (१), खे (६००), रे (२००) व ते (४००) यांची बेरीज १२०१ होते. दोन्ही मिळून १२१७ हे हिजरी वर्ष येते. त्याचा प्रारंभ इ.स. १८०२ च्या मे महिन्यात झाला. पाण्यावर उभी असलेली ही वास्तू तरंगत्या जहाजासारखी भासते, असाही या नावाचा अर्थ आहे. पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर उपजीविका करणाऱ्या आणि 'नाखुदा' (जहाजाचा तांडेल) हे नामाभिधान अभिमानाने बाळगणाऱ्या कोकणी मुस्लिम समाजाला ही उपमा सहज उमजणारी होती.

वास्तुरचना

मशीद विटा व दगड यांनी बांधलेली असून तिचा आकार चौकोनी आहे. तिच्या सभोवती दुमजली इमारतींची रांग असून त्यांच्या तळमजल्यावरील गाळे दुकानांसाठी भाड्याने दिले जात आले आहेत. मुख्य प्रवेशद्वार पूर्वेस आहे. तेथून आत येताच चौक ओलांडून थेट तलावापाशी पोहोचता येते. तलावाच्या तळातून काळ्या दगडाच्या सोळा कमानी वर आलेल्या असून वरील वास्तूचा भार त्यांनी पेलला आहे. वरच्या मजल्याला लाकडी खांबांच्या पाच रांगांचा आधार असून प्रत्येक खांबात धर्मग्रंथ ठेवण्याची सोय केलेली आहे.

तलाव

तलावाला तळातील झऱ्यांचे पाणी मिळते. नमाजापूर्वी हात, तोंड व पाय धुऊन शुचिर्भूत होणे, म्हणजे वजू करणे, आवश्यक असते; त्यासाठी या तलावाचा उपयोग होतो. पाण्यात मासे व कासवे आढळतात.

या तलावाचे महत्त्व मुंबईच्या पाण्याच्या इतिहासाच्या संदर्भात अधिक स्पष्ट होते. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात येईपर्यंत मुंबईकरांची तहान विहिरी व तलाव यांवर भागत असे आणि तलाव खोदून देणे हे मोठे पुण्यकर्म समजले जाई. नळाचे पाणी आल्यावर, तसेच हिवतापाच्या भीतीने, यांतील बहुतेक तलाव क्रमाक्रमाने बुजविण्यात आले. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक ही नावे आज केवळ वस्त्यांची वा चौकांची उरली आहेत. गोवालिया टँकच्या जागी ऑगस्ट क्रांती मैदान आहे. जमीन देणाऱ्याने घातलेली अट पाळली गेल्यामुळे जामा मशिदीचा तलाव मात्र या बदलातून वाचला.

व्यवस्थापन

मुंबई उच्च न्यायालयाने १८९७ मध्ये मशिदीच्या कारभाराची योजना निश्चित केली. तिच्यानुसार कोकणी मुस्लिम जमातीने निवडलेल्या अकरा संचालकांच्या मंडळाकडे व्यवस्थापन सोपविण्यात आले. दैनंदिन कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्यास 'नाझर' म्हणतात.

समाजातील स्थान

कोकणी मुस्लिम हे सुन्नी पंथातील शाफई विचारपरंपरेचे अनुयायी आहेत. उत्तर भारतातील बहुसंख्य सुन्नी मात्र हनफी परंपरेचे आहेत. या दोहोंमध्ये काही तपशिलांचा भेद आहे. उदाहरणार्थ, शाफई मतानुसार (मध्यान्हीची सावली वगळून) वस्तूची सावली तिच्या उंचीइतकी झाली की असर, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजाची वेळ सुरू होते. हनफी मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. असे असले तरी बाजारात कामानिमित्त येणारे विविध प्रांतांचे व परंपरांचे मुस्लिम येथे एकत्र नमाज पढतात. रमजान व ईद यांच्या चंद्रदर्शनाविषयी निर्णय जाहीर करणाऱ्या समितीमुळेही (रुयते हिलाल) या मशिदीकडे शहराचे लक्ष असते. मशिदीशी संलग्न ग्रंथालयात अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांचा संग्रह आहे.

मशिदीचा शेजार संमिश्र आहे. मुंबादेवीचे मंदिर येथून जवळच आहे, तर झवेरी बाजारातील पेढ्यांवर गुजराती, मारवाडी व जैन व्यापाऱ्यांचे प्राबल्य आहे. हा शेजार नेहमीच शांत राहिला असे नाही. ११ ऑगस्ट १८९३ रोजी, शुक्रवारच्या नमाजानंतर, मशिदीतून बाहेर पडलेल्या जमावाने जवळच्या हनुमान गल्लीतील मंदिराकडे मोर्चा वळविला व त्यातून दंगल उसळली. ती शहरभर पसरली आणि आवरण्यासाठी लष्कर बोलवावे लागले. त्यानंतरही मशीद, मंदिर व बाजार एकमेकांच्या सान्निध्यात नांदत आले आहेत.

नावाविषयी संभ्रम

मध्य रेल्वेवरील 'मस्जिद' स्थानकाचे नाव जामा मशिदीवरून पडले, असा समज आढळतो. तथापि ते नाव तेथून जवळच असलेल्या, १७९६ मध्ये स्थापन झालेल्या 'शार हाराहमीम' या ज्यू प्रार्थनास्थळावरून आले असे सामान्यतः मानले जाते. मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक आपल्या प्रार्थनास्थळालाही 'मशीद' म्हणत. हे प्रार्थनास्थळ 'जुनी मशीद' या नावाने प्रसिद्ध होते.