दाढ दुखते, पण पाय उचलत नाही

रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात लवंग शोधणारा माणूस आपल्याकडे घरोघरी सापडतो. आमच्या घरी तीन वर्षे तो माणूस आम्हीच होतो. उजवीकडची खालची दाढ किडली होती. आधी ‘परीक्षा होऊ द्या’, मग ‘रमजान जाऊ द्या’, मग ‘ईदनंतर बघू’ असे करत दिवस काढले. ईदला शीरखुर्म्याचा गोड घोट दाढेला लागला की डोळ्यांत पाणी, आणि त्यावर एक गोळी. वर्गात मुलांना ‘घाबरायचं काय त्यात?’ असे दिवसातून दहादा विचारणारे आम्ही, नागपूरच्या मेडिकलशेजारच्या शासकीय दंत महाविद्यालयाच्या फाटकावरून दोनदा परत फिरलो. १९६८ पासून तिथे लोकांचे दात बघत आहेत. त्यात आमची एक दाढ जड झाली नसती.

सातवीतल्या आमच्या लेकीने आठ दिवस एकाच बाजूने जेवण केले, तेव्हा अम्मींच्या ते लक्षात आले. दात दुखतो हे तिने लपवले होते. का, असे विचारल्यावर म्हणाली, “अब्बू एवढे मोठे असून जात नाहीत. म्हणजे तिथं खूपच दुखत असणार.”

त्या रात्री दाढेपेक्षा हे जास्त बोचले.

आमची भीती कुठून आली ते आम्हाला ठाऊक आहे. लहानपणी आठवडी बाजारात चटई अंथरून दात काढणारा एक इसम बसायचा. आमच्या मामूंना दोघांनी धरले आणि त्याने पकड चालवली. सुन्न करणे वगैरे काही नाही. घरी आल्यावर मामू म्हणाले, दुखणारी दाढ तर अजून तोंडातच आहे! पुढे अबुल कासिम अज्-जहरावी यांच्याविषयी वाचताना मामूंची आठवण झाली. कुर्तुब्याजवळच्या या शल्यचिकित्सकाने सुमारे हजार वर्षांपूर्वी ‘अत्-तस्रीफ’ या ग्रंथात दात खरवडण्याच्या हत्यारांच्या आकृत्या दिल्या आहेत आणि बजावले आहे की दात काढण्याची घाई करू नका; वेदना रोग्याला चकवते आणि तो चांगलाच दात दाखवतो. अडाणी हजामांवर ते चिडलेले दिसतात. मामूंचा बाजार त्यांनी पाहिला असता तर काय म्हणाले असते कोण जाणे.

मात्र त्या चटईची भीती आजच्या खुर्चीला लावणे चुकीचे होते. हिरडी बधिर करणारे लिग्नोकेन हे औषध १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झाले आणि काही वर्षांतच वापरात आले. सुईच्या जागी आधी बधिर करणारी जेल लावता येते आणि औषध सावकाश सोडले तर सुई कमी बोचते. दाबल्याचे जाणवते, घरघर ऐकू येते, पण कळ येत नाही. आम्हाला निम्मी भीती त्या आवाजाचीच होती.

शेवटी गेलो तेव्हा आम्ही डॉक्टर बाईंना आधीच सांगून टाकले, “आम्हाला फार भीती वाटते. आज फक्त बघा, काही करू नका.” वाटले, हसतील. त्या म्हणाल्या, “चालेल.” त्यांनी एक्स-रे काढून काळा डाग दाखवला. दुसऱ्या खेपेला म्हणाल्या, “डावा हात वर केलात की मी थांबेन.” आम्ही मुद्दाम दोनदा हात वर केला. त्या दोन्ही वेळा थांबल्या. तिसऱ्यांदा हात वर करायची गरज पडली नाही. आधी सांगायचे, मग दाखवायचे, मग करायचे, ही रीत आम्ही बी.एड.ला शिकलो होतो. ती आपल्यावरच चालवली जाईल असे कधी वाटले नव्हते.

तीन वर्षांपूर्वी साध्या सिमेंटवर भागले असते, तिथे आता मुळापर्यंत सफाई करून वर टोपी बसवावी लागली. लवंगेने ठणका दबतो, कीड थांबत नाही. आणि दुखणे आपोआप थांबले म्हणून शुक्र मानू नये. आतली नस मेलेली असू शकते. गालावर सूज, ताप, तोंड उघडायला किंवा गिळायला त्रास, यांपैकी काही झाले तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठावा. मिस्वाकने दात स्वच्छ राहतात, पण पडलेले भोक बुजत नाही.

शेजारच्या खालाजान सांगतात, वरची दाढ काढली की नजर जाते. दाताच्या नसा वेगळ्या आणि नजरेची नस वेगळी. चाळिशीनंतर चष्मा लागतोच, दाढ काढा किंवा ठेवा. जाताना उपाशी जाऊ नये. शुगर, बीपी किंवा रक्त पातळ करण्याची गोळी सुरू असेल तर आधी सांगावे.

लेकीला नेले तेव्हा डॉक्टर बाईंनी तिच्या अम्मीला आत घेतले आणि आम्हाला बाहेर बसवले. म्हणाल्या, “सर, तुमचा चेहरा बघून ती घाबरेल.” वीस मिनिटांत ती हातात आरसा घेऊन बाहेर आली. सुई लागलीच नव्हती. कीड वरवरचीच होती.

आमच्या नागपुरात आणखी एक भीती आहे, खर्रा खाणाऱ्यांची. त्यांना सुईचे काही वाटत नाही. डॉक्टर काय नाव घेतील याची धास्ती असते. सुपारी-तंबाखूने गालाची आतली त्वचा ताठ होत जाते आणि तोंड कमी उघडू लागते. हे फारसे दुखत नाही, म्हणून कळतही नाही. आपली तीन बोटे उभी धरून दातांच्या मधे जातात का, एवढे घरी बघता येते. तिखट झोंबू लागणे, पांढरे किंवा लाल चट्टे, न भरणारा फोड यांकडेही लक्ष ठेवावे.

परवा स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्यांना हे करून बघायला लावले. हसत-खेळत चालले होते. आमच्या एका जुन्या सोबत्याची दोनच बोटे गेली. त्याने हात खिशात घातला आणि म्हणाला, “परीक्षा होऊ द्या, मग बघू.” शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही त्याला गाडीवर बसवून डेंटलला नेणार आहोत.