चार सेकंद, एक कुऱ्हाड आणि दोन निकाल

२० नोव्हेंबर १९८२. बर्कलीच्या मेमोरियल स्टेडियमवर स्टॅनफर्डचा संघ जिंकल्यात जमा होता. पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये दंतकथा झालेला जॉन एल्वे तेव्हा स्टॅनफर्डकडून खेळत होता. शेवटची संधी, गाठायचे सतरा यार्ड, अशा कात्रीत सापडला असताना त्याने २९ यार्डांचा पास फेकून संघाला पुढे ओढलं. मग मार्क हार्मनने ३५ यार्डांवरून चेंडू गोलखांबांतून पार केला आणि फलकावर स्टॅनफर्ड २०, कॅलिफोर्निया १९ असे आकडे लागले. घड्याळात उरले चार सेकंद.

पोरांनी जल्लोष जरा जास्तच केला. त्याबद्दल पंधरा यार्डांचा दंड बसला आणि पुढची किक तेवढीच मागून मारावी लागली. मैदानाच्या टोकाला स्टॅनफर्डचा बँड, १४४ वादक, वाद्यं सरसावून उभा होता.

किक सरपटत आली. कॅलच्या (बर्कलीच्या संघाला सगळे ‘कॅल’च म्हणतात) केव्हिन मोएनने चेंडू उचलला आणि रिचर्ड रॉजर्सकडे फेकला. या खेळात चेंडू मागे किंवा आडवा फेकायला कितीही वेळा मुभा असते. रॉजर्सकडून तो ड्वाइट गार्नरकडे गेला. गार्नरला चौघापाचांनी घेरून लोळवलं. सामना संपला असं समजून बँड वाजतगाजत मैदानात शिरला. पण लोळता लोळता गार्नरने चेंडू पुन्हा रॉजर्सकडे सरकवला होता. रॉजर्सने तो मारिएट फोर्डला दिला. फोर्ड खाली पडत असताना त्याने न बघता चेंडू खांद्यावरून मागे भिरकावला, तो नेमका पुन्हा मोएनच्या हातात! पुढे मोएन आणि वाट चुकवत पळणारे वादक. गोलरेषा ओलांडून तो गॅरी टिरेल नावाच्या ट्रॉम्बोनवाल्यावर आदळला. रेडिओवर जो स्टार्की बेंबीच्या देठापासून ओरडत होता की बँड मैदानात आलाय. मुख्य पंच चार्ल्स मॉफेट यांनी सहकाऱ्यांना गोळा करून विचारलं, कुणी शिट्टी वाजवली होती का? कुणीच नाही. त्यांनी दोन्ही हात वर केले. कॅल २५, स्टॅनफर्ड २०.

या खेळीला आजही नुसतं ‘द प्ले’ म्हणतात.

आपल्याकडे कॉलेजसाठी घसा बसतो तो बहुधा पुरुषोत्तम करंडकाच्या वेळी, ‘आव्वाज कुणाचा’ म्हणताना. तिकडे ते काम फुटबॉल करतो, आणि माणूस पदवी घेऊन चाळीस वर्षं झाली तरी त्याचा आवाज उतरत नाही. कॅलचा जुना विद्यार्थी पाचही फेकी क्रमाने सांगतो. स्टॅनफर्डवाला त्याला तिसऱ्या फेकीवर अडवतो: गार्नरचा गुडघा आधी जमिनीला टेकला होता. शेवटची फेकही पुढे गेली, हे त्याचं दुसरं कलम. चित्रफीत तपासून निर्णय द्यायची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे दोघांचंही फावलं. ही भांडणं निकाली निघाली नाहीत म्हणूनच इतकी टिकली, असं मला वाटतं.

स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांनी तर आठवडाही जाऊ दिला नाही. त्यांनी बर्कलीच्या विद्यार्थी दैनिकाचा हुबेहूब बनावट अंक छापला. बातमी अशी, की वरच्या समितीने विजय स्टॅनफर्डला बहाल केला आहे. हजारो प्रती बर्कलीच्या आवारात वाटल्या गेल्या आणि कॅलची पोरं काही काळ खरोखर हादरली.

या दोन विद्यापीठांचा वार्षिक सामना, ‘बिग गेम’, १८९२ पासूनचा. पहिल्याच सामन्याला चेंडू आणायला सगळे विसरले होते. तो आणेपर्यंत प्रेक्षक ताटकळले. पण वैराला खरी धार आली कुऱ्हाडीमुळे. १८९९ मध्ये एका बेसबॉल सामन्यात स्टॅनफर्डची मंडळी लाकूडतोड्याची कुऱ्हाड मिरवत होती. कॅलवाल्यांनी ती हिसकावली, सॅन फ्रान्सिस्कोच्या गल्ल्यांतून पळवली, एका खाटकाच्या दुकानात तिचा दांडा कापला आणि पातं कपड्यांत लपवून बोटीने आखातापलीकडे नेलं. पुढची ३१ वर्षं ती त्यांच्या ताब्यात होती, बँकेच्या तिजोरीत. १९३० मध्ये स्टॅनफर्डच्या एकवीस विद्यार्थ्यांनी छायाचित्रकाराचं सोंग आणि अश्रुधूर यांच्या बळावर ती परत आणली. चोऱ्यांना कंटाळून १९३३ पासून असं ठरलं, की जिंकेल त्याला वर्षभर कुऱ्हाड.

तिच्या फळीवर दरवर्षीचा निकाल असतो, आणि गंमत तिथेच आहे. कुऱ्हाड स्टॅनफर्डकडे गेली की १९८२ चा निकाल बदलून २०-१९ होतो, स्टॅनफर्ड विजयी. कॅलकडे परतली की पुन्हा २५-२०.

अशा आठवणींत कॅलवाले एक वर्ष हटकून गाळतात, ते १९९०. त्या वर्षी शेवटचे १२ सेकंद उरले असताना स्टॅनफर्ड २५-२४ ने मागे होतं. बरोबरीवर न थांबता थेट जिंकायचा त्यांचा दोन गुणांचा प्रयत्न फसला आणि कॅलचे प्रेक्षक आनंदाने मैदानात घुसले. म्हणजे आठ वर्षांपूर्वी बँडने केलं तेच! या घुसखोरीचा दंड पंधरा यार्ड. स्टॅनफर्डने आखूड किक मारून चेंडू स्वतःच पटकावला, त्यात कॅलच्या खेळाडूने पास फेकणाऱ्याला धडक देऊन आणखी एक दंड ओढवून घेतला, आणि जॉन हॉपकिन्सने ३९ यार्डांवरून किक मारून सामना २७-२५ असा फिरवला. स्टॅनफर्डच्या बैठकीत ही गोष्ट व्याजासकट सांगितली जाते.

स्वतःच्या फजितीची आठवणही कॅलने जपली आहे, पण तिथे समोर स्टॅनफर्ड नव्हतं म्हणून असेल. १ जानेवारी १९२९ च्या रोझ बोल सामन्यात जॉर्जिया टेकविरुद्ध रॉय रिगल्सने निसटलेला चेंडू उचलला, गर्दीत त्याची दिशा चुकली आणि तो स्वतःच्याच गोलकडे ६९ यार्ड धावत सुटला. सहकारी बेनी लॉम ओरडत मागे पळाला तेव्हा कुठे गडी थांबला. कॅल ८-७ ने हरलं. मध्यंतरात रिगल्स तोंड लपवून बसला होता. प्रशिक्षक निब्ज प्राइस यांनी त्याला पुन्हा मैदानात उतरवलं आणि उत्तरार्धात तो जिद्दीने खेळला. पुढच्या हंगामात तोच कर्णधार झाला.

आता आखाताच्या या परिसरात मराठी घरंही पुष्कळ आहेत. ज्या घरातलं एक मूल बर्कलीला आणि दुसरं स्टॅनफर्डला, तिथे नोव्हेंबरात जेवणाच्या टेबलावर काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी.

बर्कलीत सामना फुकट बघायचा तर स्टेडियमच्या वरच्या टेकडीवर जायचं. तिचं नावच ‘टाइटवॉड हिल’, म्हणजे चिक्कूंची टेकडी. तिथे एक तोफ आहे. कॅलने गुण मिळवले की ती डागतात, सामना जिंकला तरी डागतात. तिचा आवाज आजवर दारूगोळ्याअभावी एकदाच बंद पडला, १९९१ मध्ये. समोर पॅसिफिक विद्यापीठाचा दुबळा संघ होता, कॅलने तब्बल १२ टचडाउन केले आणि टेकडीवरच्या मंडळींनी एवढा मारा धरूनच ठेवला नव्हता.