सौम्यता आणि सत्यवचन

नागपुराहून राजनांदगांवाकडे जाणारी आगगाडी गोंदियावरून जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच मार्गानें कवि नारायण वामन टिळक प्रवास करीत असतां डब्यांतील एका युरोपियन गृहस्थानें त्यांना बायबल दिलें. त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन वेधलें, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस ख्रिस्तदीक्षा घेतली. गोंदिया तेव्हां भंडारा जिल्ह्यांत होतें. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९९९ सालीं झाला.

त्याच प्रवचनांत एक अवघड आज्ञा आहे. एका गालावर मारणाऱ्यापुढें दुसराहि गाल करावा, ही ती आज्ञा. पुष्कळांना ही अन्यायापुढें गप्प बसण्याची शिकवण वाटते. शेजारच्या घरीं सुनेचा छळ चालला आहे, मंडळीच्या हिशेबांत घोटाळा आहे, हें ठाऊक असूनहि 'आपण कशाला वाईट व्हावें' म्हणून मनुष्य स्तब्ध राहतो आणि त्या स्तब्धतेस क्षमा असें नांव देतो.

याचा उलगडा शुभवर्तमानांतच आहे. महायाजकापुढें चौकशी चालली असतां एका शिपायानें येशूस चपराक मारली. येशूनें हात उगारला नाहीं. पण तो मुकाहि राहिला नाहीं. आपलें बोलणें वाईट असल्यास तें दाखवून द्यावें, नसल्यास मारण्याचें कारण काय, असें त्यानें विचारलें. तात्पर्य, सूड घेऊं नये अशी आज्ञा आहे. अन्यायास अन्याय म्हणूं नये अशी नाहीं. शिवाय, स्वतःचा अपमान सोसणें निराळें आणि दुसऱ्याचें दुःख पाहून गप्प बसणें निराळें. आपला गाल पुढें करण्याचा अधिकार आपला आहे. दुसऱ्याचा गाल पुढें करण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत हा भेद स्पष्ट दिसतो. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि अन्नावांचून तडफडणाऱ्या मुलींना व विधवांना त्यांनीं आश्रय दिला. त्याच १८९७ सालीं पुण्यांत प्लेगची साथ होती. आपल्या आश्रमांतील एका मुलीच्या संबंधानें प्लेगच्या सरकारी व्यवस्थेंतील दोषांवर त्यांनीं 'बाँबे गार्डियन' या ख्रिस्ती पत्रांत उघड टीका केली. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे होते, तरी त्यांची भीड रमाबाईंनीं धरली नाहीं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं ती तक्रार अमान्य केली, आणि प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटापर्यंत गेलें. अनाथ मुलींना पोटाशीं धरणारें आणि सत्तेस जाब विचारणारें अंतःकरण एकच होतें.

टिळकांचेंहि तसेंच. ख्रिस्ती धर्मानें येथें भारतीय रूपांत नांदावें, परदेशी मिशनाच्या आश्रयावर विसंबून राहूं नये, असें त्यांना तीव्रतेनें वाटे. १९१७ सालीं मिशनाची नोकरी सोडून त्यांनीं 'देवाचा दरबार' स्थापिला. मतभेद बोलून दाखविला. वैर मात्र धरलें नाहीं.

मग बोलावें कसें? मत्तयाच्या शुभवर्तमानांत क्रम सांगितला आहे. अपराध करणाऱ्यास प्रथम एकान्तांत गांठावें. तो न ऐकेल तर एकदोन साक्षी बरोबर न्यावे. तरीहि न ऐकेल तर मंडळीपुढें सांगावें. या क्रमामुळें अपराध्याची अब्रू वांचते, त्यास सुधारण्यास अवसर मिळतो आणि सांगणाराचीहि चूक असल्यास ती कळते. परंतु हा क्रम भावाभावांच्या तंट्यासाठीं आहे. एखाद्या दुबळ्याच्या जिवावर बेतलें असतां एकान्ताची वाट पाहणें हें सौजन्य नव्हे.

बोलण्यापूर्वीं स्वतःच्या डोळ्यांतील मुसळ पाहावें, असेंहि तेंच प्रवचन सांगतें. मुसळ काढण्याचा हेतु मात्र पुढें भावाच्या डोळ्यांतील कुसळ नीट दिसावें व काढतां यावें, हा आहे. आयुष्यभर डोळे मिटून बसावें, हा नव्हे. कुसळ काढणारा हात हळुवार हवा. पण तो पुढें आलाच नाहीं, तर डोळा दुखतच राहील.