गुडघ्याची गोळी आणि आकाशातले गिधाड

महाडहून रायगडाकडे निघालात की वाटेत नाते हे गाव लागते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म याच गावी १८९६ साली झाला, असे सांगितले की बाहेरच्या माणसाला गावाची ओळख पटते. या पंचक्रोशीत लहानाचे मोठे झालेल्या आमच्या पिढीच्या मनात मात्र गावाबाहेरच्या माळाचे आणखी एक चित्र आहे. गावातले एखादे जनावर मेले की ते तिथे नेऊन टाकत, आणि पाहता पाहता आकाशात मोठमोठी गिधाडे घिरट्या घालू लागत. शाळेतून परतेपर्यंत हाडांचा सापळा तेवढा उरलेला असे. आपल्यापैकी ज्यांनी साठी-सत्तरी ओलांडली आहे, त्यांना हे दृश्य निश्चित आठवेल. आपल्या नातवंडांनी मात्र गिधाड केवळ चित्रातच पाहिले असण्याची शक्यता अधिक.

आरोग्यविषयक पाक्षिकात गिधाडांचे काय काम, असा प्रश्न आपणांस पडेल. त्याचे उत्तर आपल्या उशाशी असलेल्या औषधांच्या डब्यात आहे.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस मी नुकताच व्यवसाय सुरू केला होता. गुडघेदुखीने त्रस्त झालेल्या एक आजी तपासणीसाठी आल्या. मी लिहून दिलेल्या औषधाचे नाव त्यांच्या मुलाने वाचले आणि हसून म्हणाला, "डॉक्टर, आमच्या बैलालापन हीच सुई टोचली होती. दुसऱ्या दिवशी उठून उभा राहिला." ते औषध होते डायक्लोफेनॅक. वेदना आणि सूज कमी करणारे, स्वस्त आणि सहज मिळणारे. लंगडणाऱ्या बैलाला किंवा कास सुजलेल्या गाईला आराम पडावा, हा शेतकऱ्याचा हेतू चांगलाच होता. त्यातून काय घडत आहे, याची कल्पना त्या वेळी त्यालाही नव्हती आणि मलाही नव्हती.

औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत एखादे जनावर दगावले, तर औषधाचा अंश त्याच्या मांसात शिल्लक राहतो. ते मांस गिधाडाच्या पोटात गेले की त्याची मूत्रपिंडे निकामी होतात. रक्तातील युरिक आम्ल बाहेर टाकले जात नाही. त्याचे पांढरे स्फटिक हृदय, यकृत यांसारख्या अवयवांवर साचतात आणि काही दिवसांतच पक्षी मरतो. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांचा अभ्यास करून शास्त्रज्ञांनी २००४ साली हे कारण सिद्ध केले. दर शंभर मृत जनावरांपैकी एखाद्यात जरी हे औषध असले, तरी गिधाडांचा ऱ्हास होण्यास ते पुरेसे ठरते, कारण एकाच जनावरावर अनेक गिधाडे उतरतात. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. गिधाडाची जोडी वर्षाला एकच अंडे घालते. त्यामुळे झालेली हानी भरून येण्यास दशके लागतात.

सगळा दोष औषधाचाच, असे मात्र नाही. पांढऱ्या पाठीचे गिधाड उंच, जुन्या वृक्षांवर घरटे करते. गावे वाढली, रस्ते रुंदावले, कारखाने आले, तसे असे वृक्ष कमी झाले. घरटी गुरे पाळण्याची पद्धत मागे पडली आणि मेलेली जनावरे पुरली जाऊ लागली. अन्न आणि निवारा दोन्ही आटले असताना हे विष वरून आले.

या पक्ष्याच्या जाण्याने माणसाचे काय बिघडले? गिधाडांचा थवा अख्खे जनावर तासाभरात फस्त करतो आणि त्याच्या जठरातील तीव्र आम्लात अनेक रोगजंतू नष्ट होतात. ही यंत्रणा थांबली, मृत जनावरे उघड्यावर कुजू लागली आणि त्यांवर भटक्या कुत्र्यांचे पोषण होऊ लागले. गिधाडांच्या अभावी २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख अतिरिक्त मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अर्थशास्त्रज्ञांनी मांडला आहे. दूषित पाणी आणि रेबीज ही त्यामागील संभाव्य कारणे होत.

शासनाने २००६ साली जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या. म्हणून २०१५ साली माणसांचे इंजेक्शन ३ मिलिलिटरच्या एकाच मात्रेच्या कुपीत विकण्याचे बंधन घातले गेले. २०२३ साली किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांवरही जनावरांसाठी बंदी आली. आपल्या रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव येथे ग्रामस्थ आणि महाडची 'सीस्केप' ही संस्था यांनी घरट्यांची राखण केली, गिधाडांसाठी मृत जनावरांची सोय केली. माणसांनी मनावर घेतले तर उरलेले जपता येते, हे तेथे दिसले.

आता आपल्या प्रकृतीविषयी. माणसाचे मूत्रपिंड गिधाडाइतके नाजूक नाही, हे खरे. पण साठीनंतर त्याची क्षमता कमी होत जाते आणि त्याची कुरकुर बहुधा जाणवतही नाही. वेदनाशामक गोळी दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने घेणारे अनेक ज्येष्ठ मला नित्य भेटतात. रक्तदाबाची गोळी आणि लघवीवाटे पाणी काढणारी गोळी चालू असताना त्यात वेदनाशामकाची भर पडली, की मूत्रपिंडावरचा ताण धोकादायक ठरू शकतो. जुलाब, उलट्या किंवा उन्हाळ्यात पाणी कमी पडले असता तर विशेषच. हृदयविकार किंवा जठरव्रण असलेल्यांनी ही गोळी स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. पायांवर सूज येणे, लघवी कमी होणे, काळी शौचास होणे ही लक्षणे दिसताच गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे. गुडघ्यासाठी मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, शेक आणि वजनावर नियंत्रण यांनी पुष्कळ आराम पडतो. औषध लागलेच, तर वरून लावण्याचे मलम बहुतेकांस गोळीपेक्षा सुरक्षित असते. तेही डॉक्टरांना विचारूनच वापरावे.

घरातील ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांना माझी विनंती अशी : सर्व गोळ्या एका पिशवीत घालून वर्षातून एकदा तरी डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातील क्रिएटिनिन तपासून घ्या. घरी गुरे असतील तर माणसांचे औषध त्यांना टोचू नका; पशुवैद्यकांकडून मेलॉक्सिकॅम मागून घ्या, ते गिधाडांना सुरक्षित आहे. कुत्रा चावल्यास जखमेवर हळद, चुना किंवा तिखट न लावता वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी लस घेण्यास दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते.

आणखी एक काम केवळ ज्येष्ठच करू शकतील. गिधाडांची घरटी पूर्वी कोणत्या झाडावर, कोणत्या कड्यावर होती, हे आज आपल्याच आठवणीत आहे. ते नातवंडांना सांगा, एखाद्या वहीत लिहून ठेवा. त्या आजींच्या मुलाला त्या दिवशी मी काहीच सांगू शकलो नव्हतो. आता प्रत्येक शेतकरी रुग्णाला मी आवर्जून विचारतो, "गोठ्यात कोणती सुई वापरता?"