बारा थाऊ

आमच्या आगरमधल्या एका वाडीतून पहाटे चिकूचे क्रेट भरून जुनी डिझेल पिकअप निघते. वर्षभर तिच्या टिकटिकीनेच मला जाग यायची. शिवणयंत्र चालावं तसा आवाज. मालक म्हणाला, “टॅपेट वाजतोय, मिस्त्रीकडे टाकतो,” तेव्हा मीही सोबत गेले. रोज ऐकलेला आवाज नेमका कुठून येतो, ते मला बघायचं होतं.

गॅरेज म्हणजे बोर्डी रस्त्यालगतची पत्र्याची शेड. जळक्या ऑइलचा वास आणि त्यात मिसळलेला, मागच्या वाडीत गळून पडलेल्या चिकूंचा आंबूस-गोड वास. तो अजून माझ्या नाकात आहे.

संध्याकाळी मिस्त्रींनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेड कव्हरला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो, म्हणून टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या निम्म्या चालीने येते. बेअरिंगची ठकठक जड असते आणि लोड आला की वाढते. मिस्त्री म्हणाले, “टॅपेटच आहे. पण गाडी रात्रभर इथेच राहू दे. या इंजिनाचं माप थंडच घ्यायचं. बारा थाऊ.”

बारा थाऊ म्हणजे इंचाचे बारा हजारांश, साधारण 0.30 मिलिमीटर. तीन-चार केस एकावर एक ठेवावेत, तेवढी फट. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मधली.

सकाळी कव्हर उघडलं. चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. मिस्त्रींचा हिशेब नऊचा: आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिला सेट करायचा, तिसरा दाबलेला असेल तेव्हा सहावा, बेरीज नऊ झाली पाहिजे. सहाव्यात फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या मापाची, वीस थाऊची पट्टी सहज सरकली. वर्षभर वाजत होता तो हाच. मिस्त्रींनी रॉकरच्या टोकावरून नख फिरवलं. तिथे खळगा पडला असेल तर सपाट पट्टी खळग्यावरूनच जाते आणि माप कमी दाखवते. खळगा नव्हता.

मग पहिला. त्यात बारा थाऊची पट्टी शिरेना. आठची शिरेना. चारचीही नाही.

मिस्त्रींचा चेहरा उतरला. मालकाला ते शांतपणे म्हणाले, “भाऊ, वाजत होता त्याला काही झालं नव्हतं. हा गप्प बसून जळत होता.”

पहिला म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह. त्याची उष्णता उतरते ती तो सीटवर घट्ट बसला की. फटच उरली नाही तर तो पुरता मिटत नाही, तापत राहतो आणि शेवटी त्याची कड जळते. आवाज मात्र करत नाही. मला त्या क्षणी वर्षभर कटकट वाटलेल्या टिकटिकीचे आभार मानावेसे वाटले. तिच्यामुळेच कव्हर उघडलं गेलं.

सेटिंगला तासभर लागला. मिस्त्रींनी पट्टी माझ्या हातात दिली. “ओढून बघा ताई. अडली नाही पाहिजे, सुटलीही नाही पाहिजे.” ओल्या बोटाने काच पुसताना लागते तेवढी ओढ होती. चेक नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून प्रत्येक वेळी पुन्हा माप. आठ व्हॉल्व्ह, दोन-दोनदा. बारा थाऊ, बारा थाऊ. इतक्या जपून केलेल्या कामाला लोक ‘टॅपेट टाइट करणं’ म्हणतात, हे मला पटत नाही.

नंतर कॉम्प्रेशन बघितलं. पहिल्या सिलिंडरचं थोडं कमी भरलं, पण हेड उतरवायची वेळ आली नव्हती. गाडी सुरू झाली तेव्हा बारीक टिकटिक होतीच. मालक म्हणाला, “अजून वाजतंय की!”

“तेवढं वाजू दे,” मिस्त्री म्हणाले.

नव्या हायड्रॉलिक टॅपेटच्या इंजिनात ऑइलच ही फट भरून काढतं. तिथे टिकटिक आली तर आधी ऑइलची पातळी बघा. पण तुमची गाडी जुनी, स्क्रू-नटाच्या टॅपेटची असेल, तर आवाजाची वाट बघू नका. पुस्तिकेत दिलेले किलोमीटर भरले की, तिच्यात सांगितलं असेल तसं थंड किंवा गरम इंजिनावर फट मोजून घ्या, आणि मिस्त्रींना गप्प असलेले व्हॉल्व्ह आधी बघायला सांगा.