सातबारा आणि मालकी हक्क

ग्रामीण भागात जमिनीचा विषय निघाला की, "सातबारा कोणाच्या नावावर आहे?" हा प्रश्न प्रथम विचारला जातो. त्याचे उत्तर मिळाले म्हणजे मालकीचा प्रश्न मिटला, अशी पुष्कळांची समजूत असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र नोंद कोणाच्या नावे आहे हा एक प्रश्न आहे आणि हक्क कोणाचा आहे हा दुसरा. या दोहोंतील अंतर ध्यानात न आल्यामुळे अनेक कुटुंबांना न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

नोंदीचा हेतू

जमिनीच्या अधिकार अभिलेखासाठी मुंबई इलाख्यात १९०३ साली स्वतंत्र कायदा झाला. आज महाराष्ट्रात हे अभिलेख महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये ठेवले जातात. गाव नमुना सातमध्ये गट किंवा भूमापन क्रमांक, क्षेत्र, आकार, भोगवटादाराचे नाव आणि इतर अधिकार दाखविलेले असतात. नमुना बारामध्ये पिकांची नोंद असते. जमीन महसूल कोणाकडून घ्यावयाचा हे शासनास कळावे, हा या नोंदीचा एक प्रमुख हेतू होय.

संहितेच्या कलम १५७ प्रमाणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत प्रमाणित नोंद खरी मानली जाते. म्हणजे सातबारा हा महत्त्वाचा पुरावा आहे, परंतु अंतिम पुरावा नव्हे. फेरफार नोंदीमुळे मालकी निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत स्पष्ट केले आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधील घराची नोंदही कर आकारणीसाठी असते. तीवरून मालकी ठरत नाही.

हक्क कसा प्राप्त होतो?

मालकी मुख्यत्वे खरेदी, बक्षीस, वाटणी, मृत्युपत्र किंवा वारसा यांमुळे प्राप्त होते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ अन्वये शंभर रुपये वा अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होऊ शकते. साठेखत हा विक्रीचा केवळ करार असतो. त्याने मालकी बदलत नाही. नुसत्या कुलमुखत्यारपत्राच्या आधारे केलेल्या व्यवहारानेही मालकी मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये दिला. बक्षीसपत्रास नोंदणी व दोन साक्षीदार आवश्यक असतात.

वारशाचे तसे नाही. मृत्युपत्र नसेल तर मालकाच्या निधनाबरोबरच त्याचा हक्क वारसांकडे जातो. नोंद नंतर होते.

एक उदाहरण

समजा, एका हिंदू शेतकऱ्याने स्वकष्टाने चार एकर जमीन घेतली. मृत्युपत्र न करता तो निधन पावला. मागे पत्नी, दोन मुलगे व एक विवाहित मुलगी आहेत; त्याची आई हयात नाही. तेराव्याचे विधी आटोपल्यावर थोरल्या मुलाने एकट्याचेच नाव सातबाऱ्यावर लावून घेतले. "घरातलाच आहे," म्हणून कोणी हरकत घेतली नाही. काही वर्षांनी त्याने सर्व जमीन विकली.

हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे या चौघांचा हिस्सा सारखा, म्हणजे प्रत्येकी एक चतुर्थांश आहे. विकणाऱ्यास जेवढा हक्क असतो, सामान्यतः तेवढाच घेणाऱ्यास मिळतो. सबब खरेदीदारास एका हिश्शापलीकडे हक्क सांगणे कठीण होते. त्याची आयुष्याची पुंजी अडकते. आईचा व बहिणीचा हक्क नोंदीअभावी बुडालेला नसतो, परंतु तो मिळविण्यासाठी त्यांना दिवाणी दावा लावावा लागतो.

बहिणीने हक्क सोडल्याचे सांगितले जाते तेथेही हीच दक्षता हवी. स्थावर मालमत्तेतील हक्क सोडावयाचा तर हक्कसोडपत्र नोंदविलेले असले पाहिजे. साध्या कागदावर घेतलेली सही त्यासाठी पुरेशी नाही.

फेरफाराची पद्धत

वारशाने किंवा अन्य रीतीने हक्क मिळाल्यास कलम १४९ प्रमाणे तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे, म्हणजेच आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, त्याची वर्दी द्यावयाची असते. नोंद प्रथम गाव नमुना सहामध्ये घेतली जाते. हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकती मागविल्या जातात आणि त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोटीस आली असता गप्प राहणे हेच पुढील अनेक तंट्यांचे मूळ असते. प्रमाणित नोंद मान्य नसल्यास महसूल अधिकाऱ्यांकडे अपील करता येते. मालकीचा वाद मात्र दिवाणी न्यायालयात निकालात निघतो.

खरेदीदाराने केवळ चालू उतारा पाहून थांबू नये. जुने फेरफार, "इतर अधिकार" या रकान्यातील बोजे, प्रलंबित दावे आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील मागील दस्त तपासावेत. भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनीसाठी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते काय, हेही पाहावे.

गावात कोणी खातेदार निवर्तला की पंचायत सदस्य व शिक्षक त्या घरी जातातच. पत्नी, मुलगे व मुली अशा सर्व वारसांची नावे वर्दीत आली आहेत ना, एवढे त्यांनी त्या वेळी आपुलकीने विचारले, तरी एखाद्या विधवेचा किंवा मुलीचा हिस्सा कोर्टकचेरीवाचून सुरक्षित राहू शकेल.